एकवीस पत्री आणि आमची चुकलेली पाटी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'वनौषधी तज्ज्ञ' असे छापले आहे. ते कार्यकर्त्यांच्या प्रेमापोटी. मी तज्ज्ञ नाही, वैद्य तर मुळीच नाही. मी शाळेत जीवशास्त्र शिकवणारा मास्तर. निवृत्त झाल्यावर आम्ही सात-आठ जणांनी मिळून एक छोटी संस्था काढली. तिचे काम एवढेच की गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी पत्रींचे प्रदर्शन मांडायचे, आणि वर्षभरात शाळा-शाळांतून, महिला मंडळांतून वनस्पतींची ओळख करून द्यायची. आमच्यात एक वैद्य आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, दोन शिक्षिका आहेत. संस्थेची मालमत्ता म्हणजे दोन लाकडी टेबले, काही पाट्या आणि एक न गळणारी ताडपत्री. ती ताडपत्री या मंडळानेच दिली आहे, म्हणून आज नाही म्हणता आले नाही.

आत्ता येताना गणपतीपुढची पत्री पाहिली. छान मांडली आहे. पण गुरुजींनी रागावू नये, त्यात विष्णुक्रांत म्हणून जे ठेवले आहे ती गोकर्णाची पाने आहेत, आणि देवदार म्हणून जी लांब, कडेला लाटा असलेली पाने आहेत ती आपल्या बंगल्यांच्या कुंपणाला लावतात त्या उंच झाडाची आहेत. खरा देवदार हिमालयात वाढतो. त्याला पाने म्हणजे सुया असतात. गणपत गल्लीत पत्री विकणाऱ्या एका आजींना मी एकदा विचारले, "आजी, हा देवदार कुठनं आणला?" त्या म्हणाल्या, "मास्तर, लोक देवदार मागतात की ओ, म्हणून देतो." बरोबरच आहे. कधी सुरूच्या डहाळ्या देवदार होतात, कधी हे झाड देवदार होते.

गणपतीला ते चालते. आपले अपराध पोटात घालायला त्याचे पोट मोठे आहे. अडचण होते ती आपण तीच पत्री आपल्या पोटात घालतो तेव्हा. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे, आणि त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करायची आहे.

आमच्या प्रदर्शनाची पहिली काही वर्षे फार उत्साहाची होती. एकवीस कुंड्या, एकवीस पाट्या. मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांत, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा. या यादीत ठिकठिकाणी एखाद-दुसरे नाव बदलते, आपल्याकडे साधारण ही चालते. प्रत्येक पाटीवर मी सुवाच्य अक्षरात वनस्पतीचे नाव आणि खाली ठळक 'औषधी उपयोग' लिहिले होते. वर मोठा कापडी फलक: 'आपल्या पूर्वजांनी पूजेतून दिलेला औषधांचा खजिना'. लोकांना फार आवडायचे. पाट्यांचे फोटो काढून नेत. आम्ही पाट्यांवरचाच मजकूर एका पत्रकात छापून फुकट वाटला. धोतऱ्याच्या पुढे मी लिहिले होते: दमा, खोकला.

ते खोटे नव्हते. जुन्या ग्रंथांत धोतरा दम्यावर सांगितला आहे, त्याच्या पानांचा धूर ओढण्याची पद्धत होती, आणि त्यातल्या द्रव्यांवरून आधुनिक औषधेही आली आहेत. पण पाटीवर जागा कमी होती. मी दोन शब्द लिहिले आणि पुढच्या कुंडीकडे गेलो.

त्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर दोन दिवसांनी, रात्री मला एका रुग्णालयातून तरुण डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला होता. स्टीलच्या ताटलीत उकळून काळी पडलेली पाने, आणि ताटलीखाली आमचे पत्रक. "सर, ही कसली पाने आहेत ते लवकर सांगा," ते म्हणाले. पाने उकळली की ओळखणे कठीण होते. पण एक पान अर्धवट शाबूत होते, कडा दंतुर, शिरा ठसठशीत. धोतराच.

झाले होते ते असे. एक काकू, मला ओळखणाऱ्या, प्रदर्शनाला येऊन गेलेल्या. काकांना आठवडाभर खोकला. पूजेतली पत्री कशी टाकायची म्हणून काकूंनी तुळस, अडुळसा घेतला, पत्रक पाहिले आणि त्यात धोतऱ्याची चार-पाच पाने टाकून काढा केला. काकांनी अर्धा कप घेतला. तासाभरात त्यांचे तोंड सुकून जीभ टाळूला चिकटायला लागली, अंग तापले, चेहरा लाल झाला. मग ते हवेतून काहीतरी वेचायला लागले. धागा वेचावा तसे. वीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाला हाक मारून 'आत ये, बाहेर का उभा' म्हणायला लागले. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळे दिसत होते. लघवी अडली होती. धोतऱ्याच्या विषबाधेची ही अगदी पुस्तकी लक्षणे आहेत. शेजाऱ्यांना वाटले झटका आला, कुणाला वाटले बाहेरचे काही लागले. काकू मात्र शहाण्या. त्यांनी ताटली आणि पत्रक दोन्ही पिशवीत घालून बरोबर नेले. त्यामुळे डॉक्टरांना दिशा मिळाली. तिसऱ्या दिवशी काका शुद्धीवर होते, आणि पाचव्या दिवशी घरी.

मी भेटायला गेलो. काय बोलावे ते सुचत नव्हते. काकूंनी चहा ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही लिहिलं होतं ना." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्यानंतरची आमची बैठक तीन तास चालली. एकदोघांचे मत प्रदर्शन बंद करावे असे होते. मी त्यांच्याच बाजूने होतो. आमच्यातले वैद्यबुवा मात्र चिडले. ते एरवी फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "शास्त्राला दोष देऊ नका. शास्त्रानं हे लपवलेलं नाही. तुम्ही लपवलंत." आणि त्यांनी शार्ङ्गधर संहिता काढली. त्यात उपविषे सात सांगितली आहेत. रुई, शेर, धोतरा, कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू. म्हणजे आमच्या एकवीस कुंड्यांपैकी तीन, धोतरा, कण्हेर आणि रुई, ही शास्त्रानेच विषांच्या रांगेत बसवलेली. वैद्य धोतऱ्याचे बी वापरतात तेही आधी दुधात शिजवून, शुद्ध करून, मोजून. त्याला 'शोधन' म्हणतात. ते म्हणाले, "कुठला भाग, किती, कुणाला, कशातून, कधी नाही, एवढं न सांगता 'औषधी' असा शब्द लिहायचा अधिकार मलाही नाही. तुम्हाला कुठून आला?"

मला ते लागले. पण तीस वर्षे मुलांच्या वह्यांवर लाल शाईने 'अपूर्ण उत्तर' असा शेरा मारणाऱ्या माणसाला कुणीतरी तो शेरा मारायलाच हवा होता.

त्या वर्षीपासून आमच्या पाट्या बदलल्या. पहिली ओळ 'ओळख': पान, देठ, साल, फूल, वास. दुसरी ओळ 'हिच्यासारखी दिसणारी किंवा हेच नाव सांगणारी दुसरी'. तिसरी ओळ, लाल रंगात, 'काय करू नये'. उपयोग शेवटी, आणि तोही 'वैद्यांच्या सल्ल्याने' या शब्दांसह. प्रदर्शनाला येणारे काही जण नाराज झाले. "पूर्वी चांगलं होतं, आता सगळं घाबरवणारं लिहिलंय," असे म्हणाले. घाबरवणे हा हेतू नाही. पण धोतरा, कण्हेर आणि रुई या तीन कुंड्यांना आम्ही आता लाल फीत बांधतो, आणि ती कुणी काढा म्हटले तरी काढत नाही.

कण्हेरीबद्दल थोडे सांगतो. लाल-गुलाबी फुलांची कण्हेर असो की पिवळी घंटेसारख्या फुलांची बिट्टी असो, दोन्हींतली द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बिट्टीच्या बियांशी लहान मुले खेळतात, म्हणून शाळांच्या आवारात ती लावू नका असे आम्ही मुख्याध्यापकांना सांगतो. काही ऐकतात. रुईचे निराळेच आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आपली पद्धत. पाने तोडताना चीक हाताला लागतो, आणि तो हात डोळ्याला जातो. रुईचा चीक डोळ्यात गेला की पुष्कळदा फारसे दुखतच नाही, नुसते धुरकट दिसायला लागते. बुबुळाला आतून सूज आलेली असते. दुखत नाही म्हणून माणूस घरी बसतो. तसे बसू नका. भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. हे इथे बसलेल्या मारुतीभक्तांसाठी.

आणि कळलावी. ती एकवीसांत नाही, पण या दिवसांत आपल्या पश्चिमेकडच्या रानांत तिची ज्वाळेसारखी फुले कुंपणाकुंपणातून दिसतात, आणि काही घरांत ती गौरीपुढे ठेवतात. फूल ठेवायला हरकत नाही. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा असतो, म्हणून संस्कृतात ती लांगली. तो रताळे समजून खाल्ल्याच्या घटना झालेल्या आहेत, आणि त्यातून माणसे वाचतातच असे नाही.

आता आमच्या दुसऱ्या उपक्रमाकडे येतो. एकवीस वनस्पती एका रविवारी दाखवून काही लक्षात राहत नाही, हे शिक्षक म्हणून मला आधीच कळायला हवे होते. म्हणून आम्ही दरवर्षी एकच वनस्पती निवडतो आणि वर्षभर तिच्याबद्दलच बोलतो. ही कल्पना आमची नव्हे. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय हर्ब असोसिएशन नावाची संस्था १९९५ पासून दरवर्षी एक 'वर्षाची वनस्पती' जाहीर करते. पहिल्या वर्षी त्यांनी बडीशेप निवडली होती, २०२३ मध्ये आले. आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि चहाच्या पातेल्यात असलेल्या गोष्टी. मला गंमत वाटली. आपण रोज वापरतो म्हणून तिच्याबद्दल विचारच करत नाही, आणि तिथे लोक वर्षभर ती लावतात, शिजवतात, तिच्यावर लिहितात.

आमचे पहिले वर्ष अशोकाचे. इथे किती जणांच्या घरासमोर अशोक आहे? बरेच हात वर झाले. आता त्यातले बहुतेक हात खाली घ्यावे लागतील. सरळसोट उंच, फांद्या खाली झुकलेल्या, खांबासारखा जो आपण कॉलनीत लावतो, तो अशोक नाही. त्याला खोटा अशोक म्हणतात. तेच झाड आज इथे देवदार होऊन बसले आहे, म्हणजे बिचाऱ्याला दोन-दोन खोटी नावे! खरा, सीतेचा अशोक मध्यम उंचीचा, पसरट. त्याची कोवळी पाने तांबूस, लुळी पडून लोंबतात. वसंतात खोडाला आणि फांद्यांना चिकटून केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. स्त्रियांच्या तक्रारींवर अशोकारिष्ट देतात त्यात साल लागते ती याची. बाजारात मात्र अशोकाची साल म्हणून त्या खोट्याची साल मिसळली जाते, कारण खरे झाड उरलेच आहे कितीसे? साल ओरबाडली की झाड वाळते. वाळले की पुढची साल दुसऱ्या झाडाची येते. एका महिला मंडळात मी हे सांगितले तेव्हा एक बाई म्हणाल्या, "मग मी सात वर्षं पितेय ते काय?" मी म्हटले, चांगल्या कंपन्या तपासून घेतात, पण सुटी साल गल्लीतल्या दुकानातून आणून उकळत असाल तर मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला अजून आठवतो.

दुसरे एक वर्ष गुळवेलीचे. ते कोविडने आमच्यावर लादले असे म्हणा. आठवते ना, २०२० आणि २१ मध्ये घरोघर काढे. आपल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांवर चढलेल्या वेली लोकांनी फिरायला जाता जाता कापून नेल्या. कन्नड शेजारी तिला अमृतबळ्ळी म्हणतात. नावातच अमृत, मग भीती कसली? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. म्हटले, रुग्णांनी घेतली ती गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, ती यकृताला घातक असते. डॉक्टरांचे म्हणणे होते की गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि ज्यांच्या शरीरात आधीपासून स्वप्रतिकार विकाराची प्रवृत्ती आहे त्यांना ती बाधू शकते.

या वादात कोण बरोबर ते ठरवणारा मी कोण? पण एक शिक्षक म्हणून मला त्यात एक गोष्ट दिसली. वाद सुरूच झाला होता तो ओळखीपाशी. माणूस रुग्णालयात पोहोचला, त्याच्या यकृताचे अहवाल आले, आणि त्याने नेमके कोणते खोड उकळून प्यायले ते कुणालाच सांगता येत नव्हते. म्हणून त्या वर्षी आम्ही वर्षभर फक्त खोड दाखवत हिंडलो. खऱ्या गुळवेलीचे खोड वरून पातळ कागदासारखी साल सुटणारे, खरवडले की आत हिरवे, आडवे कापले की चक्राच्या आऱ्यांसारखे. ती दुसरी, तिच्या खोडावर मोठमोठ्या गाठी, चामखिळींसारख्या. आणखी तिसरीही एक आहे, तिच्या पानांना खालून लव असते. आणि खरी असली तरी ज्यांना यकृताचा किंवा स्वप्रतिकाराचा आजार आहे, ज्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, हेही प्रत्येक ठिकाणी सांगितले. कोविडच्या काळात सगळे आप्त काढा पाजायला टपलेले असताना हे सांगणे सोपे नव्हते. माझ्या थोरल्या वहिनींनी माझ्याशी चार महिने अबोला धरला होता. गुळवेलीवरून!

नावांचा हा घोळ आपल्या सीमेवरच्या गावात जरा जास्तच आहे, कारण आपल्याकडे भाषा तीन. ब्राह्मीचे घ्या. वैद्यबुवांची ब्राह्मी ओलसर जागी जमिनीलगत पसरते, तिची पाने बारीक, मांसल. आपल्या घरांत ब्राह्मी म्हणून चटणीला किंवा तेलाला जे वापरतात ते पुष्कळदा मंडूकपर्णी असते. गोल, किडनीच्या आकाराचे पान, एका देठावर एकच. कन्नडात तिला 'ओंदेलग' म्हणतात, म्हणजे एक-पानी. कन्नड नाव त्या वनस्पतीचे वर्णनच करते. तेव्हा चुकण्याची शक्यता कन्नड बोलणाऱ्याला कमी आणि आपल्याला जास्त. दसऱ्याला आपण आपट्याऐवजी कांचनाची पाने वाटतो, कारण बाजारात तीच येतात. शेजारचे कन्नड लोक 'बन्नी' देतात, म्हणजे शमी.

म्हणून आम्ही पाट्यांवर मराठी, कन्नड आणि कोकणी अशी तिन्ही नावे लिहायचे ठरवले. आपल्या गावात पाटीवर किती भाषा असाव्यात आणि कोणती वर असावी, हा विषय कसा आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. दोन्हीकडून बोलणी बसली. मग मी एक जुना दाखला शोधून ठेवला, तो आजही खिशात असतो. केरळच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा डच काळातला ग्रंथ. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातली माहिती इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी दिली होती. त्या तिघांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापले आहे. आणि चित्रांवर वनस्पतींची नावे मलयाळमबरोबर अरबीत आणि नागरीतही कोरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना कळले होते की झाड एक असले तरी त्याला हाक मारणारे अनेक असतात, आणि चुकीच्या हाकेला चुकीचे झाड येते. हा दाखला दिल्यावर दोन्हीकडचे लोक थोडे मऊ झाले. एकाने तर आमच्या पाटीवरचे माझे कन्नड व्याकरण दुरुस्त करून दिले.

आता एका वर्षाची आठवण सांगून उरकतो, कारण आरतीची वेळ होत आली. ते वर्ष नरक्याचे होते. नाव ऐकून हसलात, पण झाडाला खरेच दुर्गंधी येते म्हणून ते नाव. आपल्या चोर्ला घाटाच्या बाजूला, चंदगड, दोडामार्गच्या जंगलांत ते आहे. यात कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य असते. ते पहिल्यांदा एका चिनी झाडात सापडले. अमेरिकेतल्या वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. यातले वाणी म्हणजे मन्सुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. कर्करोगावरची टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे याच द्रव्यापासून बनतात. त्यामुळे जगाला नरक्या हवा झाला, आणि आपल्या जंगलातून तो मुळासकट जायला लागला. चोरट्या तोडीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

इथे आमच्या कामातली खरी अडचण आहे, आणि मी ती मोकळेपणाने सांगतो. आम्ही एका वनस्पतीबद्दल जितके जास्त सांगतो, तितके लोक ती तोडायला निघतात. प्रत्येक प्रदर्शनात एकतरी माणूस विचारतो, "हे कुठं मिळेल?" नरक्याच्या वर्षी एका गृहस्थांनी कागद-पेन काढून घाटातल्या जागेचे नाव विचारले. त्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण होता. मी त्यांना सांगितले की ही साल उकळून प्यायचे औषध नाही, कारखान्यात शुद्ध करून, बदलून, शिरेतून मोजून द्यायचे आहे. साल उकळून प्यायलात तर रुग्ण आणखी आजारी होईल. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पण जंगलातलं असतं ते शुद्ध असतं ना?" मी त्यांना कर्करोग तज्ज्ञांचे नाव दिले, जागेचे दिले नाही. पुढे काय झाले मला माहीत नाही.

बंगळूरला एफ. आर. एल. एच. टी. ही संस्था १९९३ पासून हे काम आमच्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर करते. त्यांनी वनखात्यांना बरोबर घेऊन कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत जंगलाचे काही पट्टे औषधी वनस्पतींसाठी राखून ठेवले. आपल्या राज्यात आगुंबे, देवीमने अशा ठिकाणी. आणि खेड्यापाड्यांत बायकांच्या गटांकडून घरामागे वनौषधींच्या बागा करून घेतल्या. त्यांच्याकडून आम्ही एक साधी गोष्ट घेतली. प्रदर्शनात आम्ही आता जंगलातून तोडून काही आणत नाही. जे कुंडीत वाढले तेच मांडतो. जे वाढत नाही त्याचा फोटो. माझ्या सौभाग्यवती सत्तरीच्या, गोव्याच्या. त्यांच्याकडे गणपतीवर माटोळी बांधतात. कवंडळ, घागऱ्या, सुपारीचे शिपटे, रानातले काय काय. त्यांना आमचा हा नियम फारसा पसंत नाही. त्या म्हणतात, रानात जाऊन आणल्याशिवाय पोरांना रान कळेल कसे? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. गणपत गल्लीतल्या त्या आजींनाही नाही, कारण त्यांचे चतुर्थीचे चार पैसे त्याच रानातून येतात. गेली तीन वर्षे त्या दुपारी गाठोडे रिकामे झाले की आमच्या प्रदर्शनाला येऊन बसतात, आणि मी चुकलो की दुरुस्त करतात. आघाड्याच्या दोन जाती मी त्यांच्याकडून शिकलो.

हो, काकूंचे सांगायचे राहिले. पुढच्या वर्षी त्या प्रदर्शनाला आल्या. मला वाटले, झाले, आता सगळ्यांसमोर बोलणार. त्या सरळ धोतऱ्याच्या कुंडीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या, "हे पान नीट बघा. कडेला हात लावा. हे फक्त देवाला." काकाही आले होते, खुर्चीवर बसून. त्यांना कुणी विचारले, तेव्हा त्यांनी हसून सांगितले की त्या रात्री भाऊ खरोखरच दारात उभा दिसला होता, आणि अंगात तोच जुना हिरवा स्वेटर होता.

तेव्हापासून धोतऱ्याची कुंडी काकूंकडे आहे. वर्षभर त्याच सांभाळतात, गच्चीवर, कुलपात.

येत्या वर्षासाठी आम्ही आघाडा निवडला आहे. घराघरांत येणारी पत्री आहे आणि गावातल्या कुठल्याही मोकळ्या जागेत उगवते, म्हणजे जंगलात जायला नको. प्रदर्शन चतुर्थीच्या आधीच्या रविवारी, सकाळी नऊ ते दुपारी एक, नेहमीच्या जागी. येताना आपल्या अंगणातली एक डहाळी आणा, नाव माहीत असो वा नसो. फक्त ओल्या कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकमध्ये कोंबलेली पाने दुपारपर्यंत ओळखू येत नाहीत. आणि रुई आणणार असाल तर देठाला कागद बांधा, चीक पोरांच्या हाताला लागतो.

एवढे बोलून थांबतो. आरती सुरू करा.